बुवांची एकोणपन्नासावी तबकडी

वासूकाकांच्या घरात अमेरिकेचे एक बुवा राहत असत. त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ते मालवणच्या धक्क्यावर कधी उतरले नाहीत की आमच्या वाडीत कधी पानावर बसले नाहीत. तरी दर रविवारी चार वाजता, चहा झाला की ते गायला लागत, आणि आजूबाजूच्या चार घरांना निमूटपणे ऐकावं लागे.

'बुवा' हा काकांचाच शब्द. आमच्याकडे भजन म्हणतो तो बुवा, मग तो गोरा असला म्हणून काय झालं? त्याचं खरं नाव तबकडीच्या मधल्या गोल कागदावर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे आणि मला ते वाचताही येई. पण काका ते कधी उच्चारत नसत. मथूकाकी जशी काकांचं नाव घेत नसे, तशातलाच प्रकार.

वासूकाका परदेशी मालवाहू बोटींवर इंजिनखोलीत काम करत. वर्षभर समुद्रावर, मग चार-पाच महिने घरी. आमची आणि त्यांची खळी, म्हणजे अंगणं, एकमेकांना लागून, मधे नुसता मेंदीचा कुंपणवजा ताटवा. अंगाने वाळलेले, मनगटांवर तेलाचे काळे डाग कातडीखाली कायमचे गेलेले. बोलायचे ते ओरडूनच, कारण वीस वर्षं ते इंजिनाशी बोलत आले होते. मात्र तबकडी हातात घेतली की हा माणूस एकदम खालच्या आवाजात येई. आधी साबणाने हात धुवायचे, ते पंचाने नव्हे तर वाऱ्यावर वाळवायचे, मग दोन्ही तळव्यांच्या कडांमध्ये तबकडी धरून ती नैवेद्याच्या ताटासारखी आणायची. मथूकाकी उंबऱ्यात बसून हे बघत असे.

"बघ गो शालू," ती मला म्हणे, "माका ह्येंनी कधी असा दोन हातांनी धरूक नाय. माजी सवत ती काळी भाकरी."

काका तिच्याकडे न बघता सुई बदलत. प्रत्येक बाजूला नवी सुई. मग यंत्राला चावी देत आणि जाहीर करत, "नंबर एक."

नेहमी नंबर एकपासूनच. काकांचा नियम होता की बुवा ज्या क्रमाने गायले, त्याच क्रमाने ऐकायचे. आवडलं म्हणून मधलंच एखादं काढायचं नाही. "बुवा जसो जगलो तसो ऐकूचो. मधीच हात घालूचो नाय," ते म्हणत. एका रविवारी सहा तबकड्या, पुढल्या रविवारी त्यापुढच्या सहा. मधेच बोटीवर परतायची वेळ आली, तर जिथवर आलो तिथे माडाच्या पातीची एक हीर खोचून पेटी बंद. वर्षाने येऊन पेटी उघडली की त्या हिरीपासून पुढे. लोक पोथीत मोरपीस ठेवतात, तशी ती हीर.

तबकड्यांची एक वही होती. नंबर, कुठल्या बंदरात मिळाली ते बंदर, आणि पुढे बुवांच्या तब्येतीचा शेरा. 'नंबर अकरा. आवाज मोकळो.' 'नंबर बावीस. पडसा.' 'नंबर सत्तावीस. काय तरी दुखता, पण सांगणा नाय.' काकांना इंग्रजी येत होतं ते बोटीवरच्या कामापुरतं. शब्द त्यांना फारसे लागत नसत. ते आवाजाची नाडी बघत. विशीत उड्या मारणारा तो आवाज तिशीत भरला, मग जरा खाली उतरला, जड झाला. "हयसर बुवाक पयलो केस पिकलो," काका एका कडव्यावर बोट उचलून म्हणत. मी खुदकन हसत असे. आता माझे पिकले, तेव्हा कळतं की केस पिकतो तो आधी आवाजात.

एकदा काका सुट्टीवर आले ते एका जुन्या बाजारात सापडलेली तबकडी घेऊन. तीत बुवा अगदी पोरगेलेसे होते आणि दुसऱ्याच कुणाच्या गाण्यात मागे उभं राहून दोन ओळी म्हणत होते. म्हणजे ही नंबर एकच्याही आधीची. दुसरा कोणी असता तर तिला नंबर शून्य देऊन मोकळा झाला असता. काकांनी चाळीसच्या चाळीस तबकड्यांचे नंबर बदलले. मथूकाकीने तांदळाची खळ शिजवली, मी चिठ्ठ्या कापल्या, आणि दोन दिवस आम्ही ओटीवर बसून एकाचे दोन, दोनाचे तीन करत होतो. वही नव्याने लिहिली. पहिल्या ओळीत काकांनी शेरा मारला, 'मागे उभो आसा. पण माका ओळखाक इलो.'

त्याच सुट्टीत मी आठवीत गेले आणि इंग्रजीच्या बाबतीत माझ्या अंगात वारं शिरलं. धडा मोठ्याने वाचत मी खळ्यात फेऱ्या मारी, म्हणजे वाडीला कळावं. काकांना कळलं.

"इंग्लिश शिकतंस मां तू? मग माका सांग, बुवा काय म्हणता."

मी यंत्राला कान लावला. एक शब्द कळेल तर शपथ. आमच्या मास्तरांचं इंग्रजी संथ, पायरी-पायरीने उतरणारं. बुवांचं तर सगळं एका घोटात. पण 'नाही कळत' म्हणणारं माझं तोंड तेव्हा अजून फुटलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि गंभीर आवाजात सांगितलं, "बुवा म्हणतत, आये, मी परत येतलंय, माडाखाली वाट बघ."

काकांनी विचारलं, "अमेरिकेत माड आसत?"

"आसत थोडे," मी म्हटलं.

"आसतले," काका म्हणाले.

हा त्यांचा शब्द. कुणी थाप मारली, बढाई मारली, भुताची गोष्ट सांगितली, तरी काका कधी खोडून काढत नसत. 'आसतला', म्हणजे असेल, म्हणून बाजूला होत. मला वाटे, किती भोळा माणूस.

मग काय, दर रविवारी मी अर्थ सांगू लागले आणि काका वहीत उतरवू लागले. मी बुवांना आई दिली, लग्नाची बहीण दिली, दारात नांगरलेलं गलबत दिलं. एका गाण्यात त्यांची गाय हरवली. दुसऱ्यात ती सापडली. पुढे कॉलेजात गेल्यावर मला समजलं की ती एकूण एक गाणी प्रेमाची होती, त्यातली बरीचशी तर एखादीने सोडून दिल्याची. गाय कुठेही नव्हती.

त्यानंतरच्या फेरीहून काका आले ते कायमचे. इंजिनाने त्यांचे कान खाल्ले होते. डावा गेलाच होता, उजव्याला बोटीवरच्या डॉक्टरने वर्ष-दोन वर्षं दिली होती. हे त्यांनी आल्या दिवशी ओटीवर बसून, ओरडूनच, सगळ्या वाडीला सांगितलं. सोबत आठ मोठ्या तबकड्या होत्या, प्रत्येक आपल्या चित्राच्या पाकिटात. बुवा आता याच तऱ्हेच्या तबकड्यांवर गातात, एका तबकडीवर दहा-बारा गाणी. आणि विजेवर चालणारं एक यंत्र.

आमच्या वाडीत वीज नव्हती.

"चावीच्या मशिनीर लाव मरे," कोणीतरी म्हणालं.

"हेची सुई त्येका सोलून काढतली," काका म्हणाले. "वीज येतली. खांब कणकवलीपर्यंत इले हत."

त्या आठांना त्यांनी बेचाळीस ते एकोणपन्नास असे नंबर दिले, न ऐकताच. वहीत शेऱ्याची जागा कोरी. नवं यंत्र ओटीच्या कोपऱ्यात मथूकाकीच्या जुन्या लुगड्याखाली बसलं. काका रोज सकाळी त्यावरची धूळ झटकत, मग उजव्या कानाशी मनगटावरचं घड्याळ धरून बघत. त्यांना एवढंच हवं होतं, कान मिटायच्या आत बुवा पुरते ऐकायचे. कान आधी जातो की खांब आधी येतो, हे सगळी वाडी बघत होती.

त्या वर्षी पाऊस लांबला. नवरात्राच्या सुमाराला उघडीप झाली तेव्हा घराघरांतून वस्तू बाहेर निघाल्या. आमच्याकडे पावसाळ्यानंतर सगळ्याला ऊन दाखवतात. गोधड्या, लग्नातले शालू, धान्य, पोथ्या, पाटावरची चामडी आसनंसुद्धा. चार महिन्यांचा दमटपणा एका दिवसाच्या कडक उन्हात मरतो. काका आणि काकी तेव्हा कानाच्या डॉक्टरला दाखवायला कोल्हापूरला गेले होते आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले होते. "पेटीक भुरी धरली काय बघ, सुक्या फडक्यान पूस," एवढंच काम.

पेटी उघडली तर पाकिटांवर पांढरी भुरी. मी विचार केला, फडक्याने काय होणार, ऊन दाखवावं. माझ्या हुशारीला त्या वर्षी कोणी आवर घालत नव्हतं. मोठ्या आठ तबकड्या मी पाकिटांतून काढल्या, खळ्यात चटई घातली आणि त्यावर पापडांसारख्या ओळीने मांडल्या. काळ्या काळ्या, चकचकीत. मग राखण करायला म्हणून फणसाखाली बसले आणि मैत्रिणीकडून आणलेली कादंबरी उघडली. नायिका आजारी पडली होती. ती बरी होईपर्यंत मी मान वर केली नाही.

मान वर केली तेव्हा आमची कोंबडी शेवटच्या तबकडीवर उभी होती. तिला हाकलायला गेले आणि बघितलं, तर सगळ्या तबकड्यांच्या कडा अळवाच्या पानांसारख्या वर आल्या होत्या.

आईने मला मारलं नाही. तिने वाटणाचा पाटा उचलून आणला, शेजारचाही आणवला, आणि तबकड्या पाकिटांत घालून त्याखाली दाबल्या. तीन दिवस आमच्या घरी वाटण झालं नाही. चौथ्या दिवशी सात बऱ्यापैकी सपाट झाल्या. आठवी, नंबर एकोणपन्नास, तशीच राहिली. कोंबडी उभी होती ती. बुवांची सगळ्यांत नवी.

काका आल्यावर पेटी उघडून एकेक बघत गेले. शेवटच्या तबकडीपाशी थांबले. तिला डोळ्यांच्या रेषेत धरून, सुतार फळी बघतो तशी पाहिली. मग उलटी करून पाहिली.

"लाट इली हेका," ते म्हणाले.

"आधीच तशी हुती, काका," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "आसतली," ते म्हणाले आणि हलक्या हाताने ती पाकिटात घातली. वहीत, कोऱ्या जागेत, त्यांनी लिहिलं, 'ऊन लागला.' कोणी लावलं ते नाही लिहिलं.

मी मॅट्रिकला बसले त्या वर्षी खांब आले. काकांच्या ओटीवर दिवा लागायच्या आधी यंत्राची वायर लागली. वाडी जमली. आणि काकांनी जुनं, चावीचं यंत्र पुढे ओढून जाहीर केलं, "नंबर एक."

मथूकाकी उंबऱ्यातून उठली. तिला मी कधी विनवताना पाहिलं नव्हतं. "आवशीची शप्पत घालतंय. आधी नवी ऐका. कान रवतले काय सात आयतवार?"

"क्रमान," काका म्हणाले. "म्हातारो बुवा आधी ऐकलंय आणि तरणो मागसून, तर तो माका मेलेलो वाटतलो."

सात रविवार जुन्यांत गेले. मी प्रत्येक रविवारी तिथे होते आणि मला काका दिसत होते. पहिल्या रविवारी ते आरामखुर्चीत टेकून होते. तिसऱ्याला खुर्ची पुढे सरकली. सातव्याला ते स्टुलावर, उजवा कान यंत्राच्या तोंडाशी. मग मोठ्या तबकड्या सुरू झाल्या, एका रविवारी एकच. बेचाळीस, त्रेचाळीस. शेरे लिहायला त्यांना आता वेळ लागे. 'पंचेचाळीस. आवाज कापडासारखो झालो हा, धुऊन धुऊन.' 'सत्तेचाळीस. घाय करणा नाय.' अठ्ठेचाळिसाव्याला त्यांनी डोकं टेबलावर ठेवून कान यंत्राच्या जाळीला चिकटवला होता आणि मध्येच ते विचारत, "चलू आसा मां?"

पुढच्या रविवारी एकोणपन्नासावी लावली. सुई लाटेवर चढली, घसरली, उडी मारून तिसऱ्याच ओळीत पडली. बुवा गुरगुरले, किंचाळले, पुन्हा त्याच अक्षरावर आले. काकांनी सुई उचलून तीनदा ठेवली. मग तबकडी काढली, पाकिटात घातली, आणि तिच्या आधी हीर खोचली.

"पावसाआधी बघया," ते म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. समोर चहाचा कप होता, तो घेतला आणि प्यायले. दोन महिन्यांनी मी कॉलेजसाठी कोल्हापूरला गेले. त्या पावसाळ्यात काकांचा उजवा कान मिटला, असं आईचं पत्र आलं.

परवा माझी नात म्हणाली, "आजी, त्या बुवांचं नाव सांग ना, त्यांची सगळी गाणी एका मिनिटात काढून देते, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत." मी नाव विसरल्याचं सोंग केलं. या वयात ते सहज खपतं. एकोणपन्नासावी मला ऐकता येईल हे मला ठाऊक आहे. पण काकांनी न ऐकलेली ती मी कुठल्या तोंडाने ऐकू?

काकांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी, वैशाखात. रविवार होता, आणि चार वाजता बुवांचा आवाज मेंदीपलीकडून आला तेव्हा मी चमकले. गेले तर काका आरामखुर्चीत, पार वाळलेले, मांडीवर पाटी-पेन्सिल. यंत्र चालू होतं. मथूकाकी यंत्राशेजारी स्टुलावर बसली होती, मान कलती करून, अगदी काकांसारखी.

गाणं संपलं. काकांनी तिच्याकडे बघून विचारलं, "बुवा कसो आसा?"

काकीने जरा विचार केला, मग हात आडवा हलवला. पाटीवर लिहायला तिला येत नव्हतं. पण काकांना कळलं. "आज जरा बसलो हा म्हणता," ते मला म्हणाले. दर रविवारी हेच चाले. जिने आयुष्यभर तबकडीला सवत म्हटलं, ती आता सवतीची नाडी बघून नवऱ्याला सांगत होती.

मी पाटी ओढून घेतली. लिहिलं, 'ती तबकडी मी उन्हात ठेवली होती.'

काकांनी पाटी लांब धरून वाचली. "ठावक आसा गो. तबकडीरचे कोंबयेचे पाय पुसूक इसारलंस तू."

मी पुसून पुन्हा लिहिलं, 'गाण्यांचे अर्थही खोटे सांगितले.'

"वीस वर्सां बोटीर हुतंय मी," काका म्हणाले. "'लव' म्हणजे काय ता खलाशाक कळणा नाय? खरो बुवा सगळ्या गाण्यांत रडता, गेली गेली म्हणान. तुजो बुवा घराक परत येय. म्हणान लिवन घेतलंय."

त्यांनी वही उघडून दाखवली. हरवलेली गाय तिथे होती. माडाखालची आई होती. पानं बोटांनी मऊ झालेली. कान गेल्यावर ते हेच वाचत बसत, काकी म्हणाली.

मग ते उठले. साबणाने हात धुतले, वाऱ्यावर वाळवले. पेटीतून हीर काढून बाजूला ठेवली आणि एकोणपन्नासावी दोन तळव्यांत धरून आणली. मी नको नको म्हणत होते. काकी म्हणाली, "लावंदेत. दर आयतवारी शेवटाक हीच लावतत. माका तर डोक्यात जाता तो आवाज."

तबकडी फिरू लागली. बुवा उचकी लागल्यासारखे गात होते, मधेच गिळत, मधेच ओरडत. काकी पदराने कान झाकून बसली. काका मात्र पुढे वाकून बघत होते. तबकडीची लाट यंत्राच्या सुईच्या हाताखाली येई, हात वर चढे, थांबे, खाली उतरे. धक्क्याला बांधलेलं होडकं जसं भरतीला वरखाली होतं, तसं. काकांचं एक बोट खुर्चीच्या हातावर त्याच्याबरोबर वर जात होतं, खाली येत होतं.

"बाकीचे सपाट," ते म्हणाले. "बुवा गाता काय गप आसा, कळणा नाय. हीच एक माका दिसता."

एकोणपन्नासाव्या तबकडीतलं मला आणि काकीला काहीच कळत नव्हतं. काकीने पदर कानावरून काढला, काकांच्या गुडघ्याला हात लावला, आणि हनुवटी उडवून विचारलं, कसा आहे बुवा?

काका लाटेकडे बघत राहिले. बोट वर गेलं, खाली आलं.

"दमलो हा," ते म्हणाले. "पण गाता."

"आसतलो," मी म्हटलं.